मागणी दिल्लीकडे, हिशेब घरचा

दलित ख्रिस्ती बांधवांच्या अनुसूचित दर्जाचा प्रश्न आणि गोव्यातील चर्चपुढील कसोटी

दि. २७ ऑगस्ट २०२२ रोजी रोममध्ये पोप फ्रान्सिस यांनी ज्या नव्या कार्डिनलांना लाल टोपी बहाल केली, त्यांत दोन भारतीय होते. एक गोवा व दमणचे आर्चबिशप फिलीप नेरी फेर्राव आणि दुसरे हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला. गोव्यात पहिल्या नावाचा आनंद साजरा झाला आणि ते स्वाभाविकच होते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र दुसरे नाव अधिक वजनदार होते. पूला हे कार्डिनलपदापर्यंत पोहोचलेले पहिले दलित. पहिले भारतीय कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यांची नियुक्ती १९५३ सालची, आणि तेही मूळ गोमंतकीय घराण्यातले. म्हणजे पहिल्या भारतीय कार्डिनलपासून पहिल्या दलित कार्डिनलपर्यंतचे अंतर कापायला भारतीय चर्चला जवळजवळ सत्तर वर्षे लागली. ज्या चर्चच्या अनुयायांत दलितांचीच संख्या सर्वांत मोठी आहे, तिच्याविषयी हे सांगावे लागते.

या समारंभानंतर अवघ्या चाळीस दिवसांनी, ६ ऑक्टोबर २०२२ रोजी, केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली तीन सदस्यांचा आयोग नेमला. ख्रिस्ती व मुस्लिम धर्मात गेलेल्या दलितांना अनुसूचित जातींचा दर्जा द्यावा काय, हा त्याच्यापुढील प्रश्न. दोन वर्षांत अहवाल अपेक्षित होता; पुढे मुदतवाढी मिळत गेल्या. दरम्यान २०२७ च्या जनगणनेत जातीची नोंद करण्याचा निर्णय झाला आहे. त्यामुळे इतकी वर्षे कागदपत्रांत रेंगाळलेला हा विषय आता घराघराच्या उंबरठ्यावर येणार आहे. प्रगणक जेव्हा एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाला जात विचारील, तेव्हा त्या कुटुंबाने काय सांगायचे आणि त्याच्या चर्चने त्याला काय सांगायला शिकवले आहे, हा प्रश्न टाळता येणार नाही.

तिसऱ्या परिच्छेदाची कथा

वादाचे मूळ १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आहे. संविधान (अनुसूचित जाती) आदेश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दस्तऐवजाच्या तिसऱ्या परिच्छेदाने असे ठरवले की हिंदू धर्म न मानणाऱ्या व्यक्तीला अनुसूचित जातीची समजले जाणार नाही. ही कल्पना स्वतंत्र भारताचीही नव्हती. १९३६ च्या ब्रिटिश आदेशातही भारतीय ख्रिस्ती व्यक्तीला या यादीतून वगळले होते. १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन शीख दलितांना आणि १९९० मध्ये बौद्धांना हा दर्जा मिळाला. ख्रिस्ती व मुस्लिम दाराबाहेरच राहिले.

यातली १९९० ची दुरुस्ती मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याची आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घेतलेल्या समाजाला केंद्राच्या यादीत पुन्हा स्थान मिळण्यासाठी चौतीस वर्षे वाट पाहावी लागली. धर्म बदलला म्हणून गावकुसाबाहेरचे घर गावात येत नाही, हा त्या लढ्याचा साधा युक्तिवाद होता आणि संसदेने तो मान्य केला. बौद्ध धर्मातही जातीला तत्त्वतः स्थान नाही. मग जो तर्क बौद्धांना लागू झाला, तो ख्रिस्ती दलिताला का लागू होऊ नये, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आजवर कोणत्याही सरकारने दिलेले नाही.

न्यायालयाचे म्हणणे वेगळ्या अंगाने जाते. मद्रासमधील एका चर्मकाराला, तो ख्रिस्ती असल्याच्या कारणावरून, अनुसूचित जातींसाठी असलेल्या सरकारी योजनेतून टपरी नाकारण्यात आली. ‘सूसाई’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये निकाल दिला. धर्मांतरानंतर जात उरते एवढे सांगून भागणार नाही. त्या जातीमुळे सोसाव्या लागणाऱ्या यातना नव्या धर्मातही तितक्याच तीव्र आहेत, हे पुराव्याने दाखवावे लागेल, असा त्या निकालाचा आशय होता. त्यानंतर रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ च्या अहवालात तिसरा परिच्छेद काढून टाकण्याची शिफारस केली. आयोगाच्या सदस्य सचिवांनी मात्र त्याला विरोध नोंदवला. २००८ मध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगासाठी समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी केलेल्या अभ्यासानेही हा दर्जा नाकारण्यास सबळ आधार दिसत नसल्याचाच निष्कर्ष काढला. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या याचिकांवर २०२२ मध्ये प्रतिज्ञापत्र देताना केंद्राने मात्र मिश्रा अहवाल स्वीकारण्यास नकार दिला. ख्रिस्ती व इस्लाम या धर्मांत अस्पृश्यता नव्हती, असे त्यामागचे सूत्र होते.

हा प्रश्न केवळ नोकरी व शिष्यवृत्तीचा नाही. अनुसूचित दर्जा गेला की १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही जाते. एप्रिल २०२५ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पास्टरच्या तक्रारीवर नेमके हेच म्हटले: ख्रिस्ती झालेली व्यक्ती या कायद्याचा आधार घेऊ शकत नाही. जातीवरून शिवी देणारा समोरच्याचा धर्म विचारून शिवी देत नाही. कायदा मात्र तो विचारतो. तेलंगणा आणि आंध्रमध्ये दलित ख्रिस्ती व्यक्तीला मागासवर्गीयांच्या ‘क’ गटात घालून अवघे एक टक्का आरक्षण दिले जाते. कार्डिनल पूला यांचे धर्मक्षेत्र तेच. हैदराबादच्या मराठी वाचकाला आपल्या शेजारच्या वस्तीत या एक टक्क्याचा अर्थ रोज पाहायला मिळतो.

एकाच इगर्जीत दोन कायदे

गोव्यात या विसंगतीचे रूप अधिक ठळक दिसते. २००३ च्या प्रारंभी गावडा, कुणबी व वेळीप या समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. जमातीच्या दर्जाला धर्माची अट नसते. त्यामुळे हिंदू गावडा आणि ख्रिस्ती गावडा दोघेही आज अनुसूचित जमातीत मोडतात. २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण १०.२ टक्के, तर अनुसूचित जातींचे केवळ १.७ टक्के आहे. या दुसऱ्या आकड्यात एकही ख्रिस्ती नाही, कारण कायद्यानेच तो तिथे असू शकत नाही. ख्रिस्ती महार समाजाची नोंद इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहे.

परिणाम काय होतो, ते पाहावे. एकाच इगर्जीत, एकाच बाकावर बसलेल्या दोन कुटुंबांपैकी गावडा कुटुंबातील मुलाला जमातीचा दाखला मिळतो. महार कुटुंबातील मुलीला तिच्या हिंदू भाऊबंदांना मिळणारा दाखला मिळत नाही. विधानसभेतील जमातींच्या राखीव जागांसाठीचे विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केल्यामुळे त्या जागा निश्चित करण्याची वाट मोकळी झाली आहे. त्यावर ख्रिस्ती गावडा उमेदवार उभा राहू शकेल. पेडणे मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तेथे ख्रिस्ती महार उमेदवारी दाखल करू शकत नाही. दोघांचा धर्म एक, दोघांच्या पूर्वजांचे धर्मांतर त्याच पोर्तुगीज राजवटीतले. फरक आहे तो फक्त दिल्लीतील दोन आदेशांच्या शब्दरचनेत.

आणि हा फरक दुसऱ्या बाजूने पुसला जाण्याचाही धोका आहे. धर्मांतरित आदिवासींना जमातींच्या यादीतून वगळावे, अशी मागणी देशभर काही संघटना सातत्याने करीत आहेत. ती मान्य झाली तर गोव्यातील ख्रिस्ती गावडा समाजाने वीस वर्षांत जे मिळवले, ते एका दुरुस्तीने जाऊ शकते. म्हणून दलित ख्रिस्ती बांधवांचा प्रश्न तामिळनाडूचा किंवा आंध्रचा म्हणून गोव्याला बाजूला सारता येणार नाही.

लाल आणि निळा

आता चर्चच्या घरात डोकावले पाहिजे. गोव्यातील धर्मांतर सोळाव्या शतकात गावेच्या गावे झाले. त्यामुळे जातही गावासकट आत आली. बामण, चाड्डी, सुदीर, गावडे, महार ही उतरंड नव्या धर्मात टिकली. तिला संस्थात्मक रूप दिले ते कॉन्फ्रारियांनी, म्हणजे फेस्त, मिरवणूक आणि अंत्यविधीचे मान सांभाळणाऱ्या धर्ममंडळांनी. अनेक गावांत उच्चवर्णीय गावकारांची एक कॉन्फ्रारिया आणि इतरांची दुसरी असे. मिरवणुकीत अंगावर घ्यायच्या वस्त्राचा रंगही वेगळा: एकाचा लाल, दुसऱ्याचा निळा. रोवेना रॉबिन्सन यांनी दक्षिण गोव्यातील ख्रिस्ती जीवनावर १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे मानपान बारकाईने नोंदले आहेत. फेस्ताचा खर्च कोणी करायचा, सायबिणीची मूर्ती कोणी उचलायची, प्रेजिदेंत कोणी व्हायचे, यावरून पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. कुंकळ्ळीतील गावकार व बिगर-गावकार यांच्यातील फेस्ताचा वाद गोमंतकीय वाचकाला नव्याने सांगायला नको.

यातला खरा विरोधाभास इतिहासात आहे. दिवाडीच्या मातेउस दे कास्त्रो या बुद्धिमान तरुणाला सतराव्या शतकात गोव्यातील आर्चबिशपांनी दीक्षा नाकारली. तो रोमला गेला, तेथे धर्मगुरू झाला आणि १६३७ मध्ये बिशपही. १७८७ च्या पिंटो कटामागेही स्थानिक पाद्रींना डावलले जाण्याची चीड होती. पहिला गोमंतकीय आर्चबिशप नियुक्त व्हायला १९७८ साल उजाडावे लागले. म्हणजे वर्णावरून डावलले जाणे काय असते, हे गोव्याच्या ख्रिस्ती समाजातील वरच्या थरांना शतकानुशतके ठाऊक होते. परंतु जी वागणूक पोर्तुगिजांकडून मिळाली म्हणून ते संतापले, तशीच वागणूक खालच्या जातींना देताना त्यांच्यापैकी फारच थोड्यांचा हात थरथरला.

चर्चच्या वरिष्ठांनीही जातीशी तडजोड केली होती. मदुराईत ब्राह्मण संन्याशासारखे राहून धर्मप्रसार करणाऱ्या रॉबर्तो दे नोबिली यांच्या पद्धतीवर १६१९ मध्ये गोव्यातच धर्मसभा भरली, वादंग झाले आणि १६२३ मध्ये पोप ग्रेगरी पंधरावे यांनी जानवे, शेंडी यांसारख्या चिन्हांना सामाजिक रूढी म्हणून सशर्त मुभा दिली. जात ही धर्माची बाब नसून केवळ सामाजिक चाल आहे, हा युक्तिवाद तेव्हा सोयीचा होता. आज दलित ख्रिस्ती समाज त्याच तडजोडीची किंमत चुकवीत आहे.

मराठी हिंदू वाचकाने हे वाचून समाधान मानण्याचे कारण नाही. गोव्यातील देवस्थाने आजही १९३३ च्या पोर्तुगीजकालीन महाजनी नियमावलीने चालतात आणि महाजनकी जन्माने मिळते. पालखीला कोणी खांदा द्यायचा यावरून होणारे तंटे आपल्याकडेही पोलीस ठाण्यापर्यंत जातात. इगर्ज आणि देऊळ या बाबतीत एकाच मातीची भांडी आहेत.

कबुलीचे धैर्य

न्याय्य होऊ इच्छिणाऱ्या कोणत्याही धर्मसमुदायाची पहिली पायरी कबुलीची असते. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ती पायरी औपचारिकपणे चढली गेली. चर्चमध्ये अस्पृश्यता व भेदभाव आहे, नेतृत्वात दलितांचा वाटा अत्यल्प आहे, हे त्या दस्तऐवजाने मान्य केले. देशातील सुमारे १ कोटी ९० लाख कॅथलिकांपैकी १ कोटी २० लाख दलित असल्याचेही त्यात म्हटले होते. प्रोटेस्टंटांत ही चर्चा त्याहून जुनी आहे. १८५० मध्येच मद्रासमधील मिशनरी परिषदेने जात न सोडणाऱ्याला चर्चमध्ये स्थान देऊ नये, असा ठराव केला होता. तरीही १५८ वर्षांनंतर, मार्च २००८ मध्ये, तामिळनाडूतील एरैयूर गावात कॅथलिक वन्नियार आणि कॅथलिक दलित यांच्यातील संघर्षात पोलीस गोळीबार होऊन दोघांचा मृत्यू झाला. दलितांनी स्वतंत्र पॅरिशची मागणी केली होती, एवढेच निमित्त होते. ठराव आणि बाक यांच्यात किती अंतर असते, ते या दोन सालांमधून दिसते.

येथे चर्चपुढे एक विलक्षण पेच उभा राहतो. दर्जाची मागणी करायची, तर आमच्यात जात आहे आणि ती छळते, हे न्यायालयापुढे व आयोगापुढे सिद्ध करावे लागते. धर्माची प्रतिष्ठा जपायची, तर आमच्यात जात नाही, असे म्हणावे लागते. दोन्ही विधाने एकाच वेळी करता येत नाहीत. १० ऑगस्टला काळा दिवस पाळून दिल्लीत निदर्शने करणारे चर्च जेव्हा आपल्याच गावातील कॉन्फ्रारियाच्या नियमांविषयी मौन बाळगते, तेव्हा केंद्राच्या प्रतिज्ञापत्राला ते नकळत बळ पुरवते. बाबासाहेबांनी धर्मांतरिताच्या स्थितीविषयी लिहिताना ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची जात सुटली नाही, हे निदान केले होते. त्या निदानाला चर्चने आरोप न समजता पुरावा समजले असते, तर आजची मागणी कितीतरी भक्कम झाली असती.

गोव्यातील चर्चचा सामाजिक आवाज दुबळा आहे, असे कोणी म्हणणार नाही. सामाजिक न्याय व शांती मंडळ हे आर्चडायोसिसचे अंग खाण, कॅसिनो, कोळसा आणि जमीन रूपांतराच्या प्रश्नांवर सातत्याने बोलत आले आहे. जून २०१८ च्या पत्रात आर्चबिशपांनी संविधान धोक्यात असल्याचे म्हटले, तेव्हा देशभर चर्चा झाली. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी दिलेला लढा मराठी समाजाने डोक्यावर घेतला. झारखंडच्या आदिवासींसाठी झिजलेले फादर स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी न्यायालयीन कोठडीतच निधन पावले. शिक्षणाच्या माध्यमप्रश्नावर या दैनिकाच्या अनेक वाचकांचे गोव्यातील चर्चशी तीव्र मतभेद आहेत आणि राहतील. पण सत्तेपुढे उभे राहण्याचे तिचे सामर्थ्य नाकारता येत नाही. प्रश्न एवढाच, की तेच सामर्थ्य घरातल्या मानकऱ्यांपुढे उभे राहताना का दिसत नाही.

आक्षेपांचा विचार

विरोधकांचे काही आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला, आधीच तोकड्या असलेल्या जागांत नवे वाटेकरी येतील. हा आक्षेप घेणाऱ्यांत हिंदू व बौद्ध दलित संघटनाही आहेत आणि त्यांची भीती खरी आहे. पंधरा टक्क्यांची मर्यादा न वाढवता यादी वाढवली, तर गरिबाच्या ताटातले गरिबालाच वाढण्यासारखे होईल. म्हणून दर्जाच्या मागणीसोबत प्रमाण वाढवण्याचा किंवा उपवर्गीकरणाचा विचार अटळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणास मान्यता दिल्याने त्याला कायदेशीर वाटही मिळाली आहे.

दुसरा आक्षेप, यामुळे धर्मांतराला उत्तेजन मिळेल. शीख व बौद्धांबाबतीत तसे काही झाल्याचे दिसत नाही. शिवाय आजचा नियम धर्मस्वातंत्र्याचीच किंमत लावतो: धर्म बदललास तर हक्क सोड. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे ही संविधानाशी प्रतारणा आहे, असे म्हटले. निकाल आपल्या जागी. परंतु माणसांना रविवारी एक आणि कागदावर दुसरे असे जगायला लावणारी रचना कोणी निर्माण केली, याचाही विचार व्हायला हवा.

तिसरा आक्षेप, अल्पसंख्याक संस्थांच्या सवलती असताना आणखी काय हवे? या आक्षेपाचे तोंड चर्चकडेच वळवले पाहिजे. नामांकित कॉन्व्हेंट शाळा, महाविद्यालये, रुग्णालये चर्चकडे आहेत. त्यांतील प्रवेशांत व नोकऱ्यांत दलित ख्रिस्ती किती, हे सांगायला कोणत्याही आयोगाची वाट पाहावी लागत नाही.

आपल्या हातातले

दिल्लीचा निर्णय दिल्लीच्या गतीने होईल. गोव्यातील प्रत्येक पॅरिशला मात्र आज, स्वतःच्या अधिकारात, चार गोष्टी करता येण्यासारख्या आहेत. कॉन्फ्रारियांचे सदस्यत्व कुळाऐवजी बाप्तिस्म्यावर आधारावे आणि स्त्रियांनाही तितकेच खुले करावे. जेथे असे झाले आहे तेथील अनुभव इतरांपुढे मांडावा. चर्चच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या फाब्रिका मंडळात कोणत्या समाजाचे किती लोक आहेत, याचा हिशेब दरवर्षी फलकावर लावावा. डायोसिसच्या शाळांनी दलित व आदिवासी मुलांच्या प्रवेशाचे आकडे प्रसिद्ध करावेत. आणि जनगणनेच्या वेळी जात लपवू नका, खरी सांगा, असे प्रवचनपीठावरून स्पष्ट सांगावे. कारण जी वेदना मोजली जात नाही, ती सरकारदरबारी अस्तित्वातच नसते.

यातील एकाही गोष्टीला घटनादुरुस्ती लागत नाही. लागते ती काही घराण्यांची नाराजी पत्करण्याची तयारी, आणि फेस्ताच्या वर्गणीवर होणारा तिचा परिणाम सोसण्याची. समावेशकतेची भाषा बोलणे आता सर्वच धर्मसंस्थांना जमू लागले आहे. तिची किंमत मोजायची वेळ येते ती फेस्ताच्या सभेत, खांद्यावर कोणता रंग घ्यायचा आणि सायबिणीच्या मूर्तीला कोणाचा हात लागायचा हे ठरवताना. बालकृष्णन आयोगाने काहीही म्हटले तरी, ख्रिस्ती महार कुटुंबातील मुलीला आपल्या इगर्जीत पूर्ण हक्काने उभे राहता येते की नाही, हे दिल्लीत ठरणार नाही. ते तिच्या गावातच ठरायचे आहे.